उशीची नाडी

दुरुस्त केलेलं घड्याळ कय्युम लगेच कधी देत नसे. एक अख्खा दिवस ते स्वतःच्या मनगटावर बांधायचा, रात्री उशाशी ठेवायचा आणि सकाळी कानाला लावून मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नंदुरबारच्या बाजारातल्या त्याच्या अरुंद दुकानात असं चाळीस वर्षं चाललं. त्यामुळे त्याच्या हातावर कधी मास्तरांचं घड्याळ असे, कधी तलाठ्याचं, कधी लग्न तोंडावर आलेल्या नवरदेवाचं. चाल बिघडलेली त्याला नुसत्या आवाजावरून कळायची. एखादा ठोका दमून मागे राहिला की तो म्हणायचा, लंगडं चालतंय.

मग चावीची घड्याळं गेली, सेलची आली. त्यानंतर मोबाइल आला आणि लोकांची मनगटंच रिकामी झाली. दुकान बंद करायचं म्हणून कय्युमने एकदा नवं कुलूपही आणलं होतं. पण तेवढ्यात सुरतेहून स्मार्टवॉच यायला लागली. मोबाइलशी जोडून द्यायचं काम कॉलेजात जाणारी त्याची लेक अर्शिया करायची, विकायचं काम तो. पहिल्या खेपेच्या डब्यावर फक्त पावलं होती. पुढच्या खेपेला फोन आला, मग हृदय, मग रक्तातला ऑक्सिजन, मग रक्तदाब. दर खेपेला डब्यावर शरीराचा एक नवा भाग वाढायचा आणि घड्याळ मात्र आणखी स्वस्त व्हायचं. मिरची वाळवायच्या पथारीवर काम करणाऱ्या बायकासुद्धा लेकासाठी, जावयासाठी घेऊन जायच्या.

ही घड्याळं कय्युमने स्वतःच्या मनगटावर बांधून कधी बघितली नाहीत. त्यांना आवाज नव्हता. ऐकणार काय?

त्या दिवशी सकाळी दुकान उघडून तो बसतो न बसतो तोच धानोऱ्याहून सुंदरबाईचा फोन आला. भटू पाटलांची बायको. भटूदादाचं चावीचं घड्याळ कय्युम तीस वर्षं सांभाळत आला होता. दिवाळीआधी सुरतेला दादाच्या हृदयाची नळी उघडून आणली, तेव्हा दादा थेट दुकानात आला होता. काळजावर नजर ठेवणारं एक दे, म्हणाला होता. कय्युमने स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटावर पट्टा आवळला होता आणि वर म्हणालाही होता, "आते बिनघोर ऱ्हा, दादा."

"कय्युमभाऊ," सुंदरबाईचा आवाज घाईचा होता, "त्यासले पहाटपासून घाम फुटी ऱ्हायना. डावा हात दुखस म्हणतस. मी म्हनं, डॉक्टरकडे चाला. तर मन्हापुढे मनगट धरतस!"

"घड्याय काय दखाडस, वहिनी?"

"चौऱ्याहत्तर. दखा म्हणे, आनी तोंड बंद ठेव म्हणे."

"मंग काही नही. ग्यास व्हई. जिरं-ववा द्या."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. तिच्या त्या बरंमध्ये केवढा धीर होता, ते कय्युमला नंतर आठवलं.

दोनेक तासांनी कोणीतरी पट्टा तुटला म्हणून परत दिलेलं एक घड्याळ त्याने हातात घेतलं. भटूदादाच्याच खेपेतलं. नवा पट्टा लावला आणि डब्यातल्या छोट्या मखमली उशीवर ते गुंडाळून काचेखाली ठेवायला निघाला. बोट कुठेतरी लागलं असावं. घड्याळाच्या पोटात हिरवा उजेड लुकलुकला आणि तबकडीवर आकडा उमटला. बहात्तर.

कय्युमचा हात थांबला. आकडा हलला. चौऱ्याहत्तर. खाली ऑक्सिजन, अठ्ठ्याण्णव.

"अर्शिया, इधर आ जरा."

तिने वाकून बघितलं आणि हसू फुटलं. "अब्बा, तकिये की नब्ज चल रही है!"

बापाचा चेहरा बघितला आणि तिने हसू आवरलं.

कय्युमने डोळ्याचं भिंग लावलं आणि डबा उचलला. या भिंगातून त्याने उभ्या आयुष्यात केसाएवढ्या कमानी सरळ केल्या होत्या. डब्याच्या तळाकडे मात्र ते कधी वळवलं नव्हतं. बारीक इंग्रजी अक्षरं अर्शियाने वाचून दाखवली. हे उपकरण वैद्यकीय उपयोगासाठी नाही.

त्याने सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो समजूत घालणाऱ्या सुरात म्हणाला, "अरे चाचा, खिलौना है. कोई दवाखाना थोडी बेचा है आपको?"

मग भटूदादाला. दोनदा वाजून फोन तुटला. घड्याळावरून फोन तोडायचा कसा, हेही दादाला दुकानातच शिकवलं होतं. तिसऱ्यांदा सुंदरबाईला लावला.

"ते वावरमा गयात, भाऊ. पपई भरानी शे. तुम्ही ग्यास म्हनं ना, मंग मी अडावं नही."

निघालोच म्हणून कय्युमने फोन ठेवला. गल्ला, काच, सगळं अर्शियावर टाकून त्याने स्कूटर काढली.

रस्ताभर तो एकच हिशेब करत होता, वेळेचा. सकाळी आठला फोन, आता सव्वादहा. पथारीवर लाल मिरची पसरलेली, तिचा तिखट वास घशात जात होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे उसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला तेव्हा तो हॉर्नवर अंगठा दाबून ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला घड्याळाकडे बघायची भीती वाटत होती.

वावराच्या बांधाशी गाडीवाल्या हिलालची पिकअप उभी होती. पपया कागदात गुंडाळून थर लावणं चाललं होतं. भटूदादा झाडाखाली बसला होता. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा.

"अरे कय्युम! आज कसा काय वाट चुकना?"

"दादा, उठा. दवाखानामा जानं शे."

"तुले बी सुंदरनी फोन करा का?" दादाने मनगट वर केलं. "हाई देख. शहात्तर. तुन्हंच घड्याय सांगी ऱ्हायनं."

"खोटं सांगी ऱ्हायनं, दादा. घड्यायच खोटं शे."

हिलाल पपई हातात घेऊन तसाच उभा राहिला. भटूदादाचे डोळे बारीक झाले.

"तूच ईकं, आनी आते तूच सांगस खोटं शे? तीस वरीस मन्हं घड्याय तुन्हाकडे. एक मिनिट मागं नही पडनं. आनी आज म्हणस खोटं?"

कय्युम त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याने दादाच्या मनगटावरून घड्याळ सोडवलं. आजूबाजूला बघितलं. झाडाखाली गळून पडलेली एक कवळी पपई होती, मनगटाएवढी जाड. तिला त्याने पट्टा आवळला आणि ती दादाच्या मांडीवर ठेवली.

हिरवा उजेड लुकलुकला. तिघे बघत राहिले.

चौऱ्याहत्तर.

"आय ना!" हिलाल हसला. "दादा, पपईनी तब्येत तुमनापेक्षा चांगली शे!"

भटूदादा हसला नाही. त्याने ती पपई हातात धरली, फिरवली, परत आकडा बघितला. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. सकाळपासून दाबून ठेवलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वर आलं. पपई हातातून घरंगळली.

कय्युमने त्याचं मनगट धरलं. कातडी ओली आणि गार होती. दोन बोटं नाडीवर ठेवून त्याने डोळे मिटले, घड्याळ कानाला लावताना मिटायचा तसेच. तीन ठोके आले. चौथा आलाच नाही. मग दोन घाईघाईने. पुन्हा रिकामी जागा.

लंगडं चालत होतं.

"हिलाल, गाडी काढ."

"अर्धी बी भराई नही अजून..."

"काढ म्हनं ना!"

पुढच्या सीटवर भटूदादाला मध्ये बसवलं. सुंदरबाई वेशीवर येऊन उभी होती, तिला मागे पपयांत जागा करून दिली. गाडी धक्के खात नंदुरबारकडे निघाली. कय्युमने दादाचं मनगट सोडलं नाही. दर रिकाम्या जागेला त्याची बोटं घट्ट व्हायची.

"काय म्हणस मन्हं मशीन?" भटूदादाने एकदा डोळे न उघडता विचारलं.

"चाली ऱ्हायनं, दादा. तुम्ही बोला नका."

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी तो कागद दोनदा बघितला, सुई टोचली आणि लगेच ॲम्ब्युलन्स मागवली. नवापूरवरून सुरत. झटका चालूच आहे, म्हणाले. ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत सुंदरबाई कय्युमशी एक शब्द बोलली नाही.

चार दिवस कय्युम दुकानात बसून होता. खेपेतली उरलेली घड्याळं त्याने खोक्यात बांधली. घेऊन गेलेल्यांपैकी जितके आठवले तितक्यांना अर्शियाने फोन केले. काही हसले. एक जण म्हणाला, टाइम तर बरोबर दाखवतं ना, चाचा?

पाचव्या दिवशी सुरतेहून सुंदरबाईचा फोन आला.

"आज पेज प्यायनात. डॉक्टर म्हणे, अजून घडीभर उशीर व्हता तर..." पुढचं तिने सोडून दिलं.

"वहिनी," कय्युम म्हणाला, "त्या दिवशी सकायले मी..."

"तुम्ही ग्यास म्हनं." ती थांबली. मागे कोणाच्यातरी खाटेची चाकं खडखडत गेली. "आनी वावरमा धावत तुम्हीच उनात. मी काय बोलू, भाऊ?"

तिने फोन ठेवला. कय्युमने बांधलेलं खोकं पुन्हा सोडलं. मग खोक्यातलं एक घड्याळ काढून त्याने मखमली उशीवर बांधलं आणि रस्त्यावरून दिसेल असं काचेत अगदी पुढे ठेवलं. येणारेजाणारे थांबायचे, वाकून बघायचे. काचेआड उशीची नाडी एकसारखी चालू होती.