कंडक्टरकाकांचा पाय

आमच्या कंडक्टरकाकांच्या पायाला भिंगरीच लागलेली. पस्तीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढली, आता निवृत्तीनंतर बऱ्या न होणाऱ्या पेशंटच्या घरी सोबतीला येतात. मी नर्स. त्या दिवशी मी अंथरुणाला खिळलेल्या टेलरमास्तरांची पट्टी बदलत होते, तर काकांचं आपलं नळ घट्ट कर, औषधं आवर, खिडकी उघड, पुन्हा लाव, असं चाललेलं. त्यांच्यामागे नजर फिरवूनच मास्तर दमले.

"काका, बसा हो एकदाचे!" मी खेकसले. "इथे नुसतं बसणं हेच तुमचं काम आहे."

ओशाळून ते खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर टेकले. ते नेमकं शिलाई मशीनपुढचं. दोन मिनिटांत त्यांचा पाय हलायला लागला आणि चार महिने बंद असलेलं मशीन खडखडलं. मास्तरांची बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. मी डोळे वटारले, तसा काकांनी चटकन पाय उचलला.

आठवडाभर एक शब्द न बोललेले मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "थांबलात कशाला? बाही अर्धीच राहिलीय."