तीन कौतुकं आणि एक नाली

आमच्या घराण्यात वर्तमानपत्रात फोटो आलेला मी पहिलाच माणूस. त्यानंतर आठ दिवस बायको माझ्याशी बोलली नाही.

भंडाऱ्याकडून नोकरीसाठी भिलाईला आलो आणि पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये पस्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि रुआबांध्याच्या बाजूला लहानसं घर बांधलं. घर उत्तम आहे. फक्त फाटकासमोरच्या नालीवरची फरशी मधोमध फुटली होती, आणि एका सकाळी माझी बायको सुमन भाजीच्या पिशवीसकट त्या नालीत गुडघ्यापर्यंत गेली. गुडघा सुजला, वांगी वाहून गेली. (तिला जास्त राग वांग्यांचा आला असावा, पण हे मी तिच्यासमोर कधी बोललो नाही.)

दुसऱ्याच दिवशी ती सुजलेला गुडघा घेऊन गल्लीतल्या बारा घरी गेली, अर्जावर सह्या घेतल्या, आणि अर्ज माझ्या हातात ठेवला.

"आइतवारी पार्षदाची सभा हाये सामुदायिक भवनात," ती म्हणाली. (आमच्याकडे नगरसेवकाला पार्षद म्हणतात.) "तुमी जा. माह्या पायानं तेवढं चालनं होत नाई."

"मी कावून? शेजारच्या साहूजीले दे ना."

"साहूजी भांडतात. तुमी प्लांटात एवढ्या मीटिंगा केल्या, तुमाले बोलता येते."

इथेच घात झाला. मला बोलता येतं, पण प्लांटच्या पद्धतीनं येतं. आमच्या फोरमननं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की जीएम साहेबांपुढे उभं राहिलं की आधी तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि चौथी तक्रार. तक्रार आधी सांगितली की साहेब घड्याळाकडे बघतात. ही पद्धत मी पस्तीस वर्षं पाळली आणि तिच्या जोरावर आमच्या शॉपला, म्हणजे विभागाला, दोन पंखे आणि थंड पाण्याचं मशीन मिळवून दिलं. त्यामुळे अर्ज खिशात घालून मी दोन दिवस पार्षदांच्या तीन चांगल्या गोष्टी शोधत होतो. नालीची गोष्ट तर तोंडपाठच होती.

सभेत माझा नंबर आला. माईक हातात घेतला आणि पहिली गोष्ट सांगितली, की आपल्या वार्डातले दिवे लागतात. (दिवसाही लागतात, एवढं मात्र गाळलं.) दुसरी गोष्ट, की पार्षद साहेब रस्त्यात भेटले तर हात जोडतात. लोक ऐकत होते, पार्षद मान डोलावत होते. तिसरी गोष्ट मला मोठ्या कष्टानं सापडली होती. माझ्या पल्लवीच्या लग्नात पार्षद साहेब पाठवणीपर्यंत थांबले होते. तेवढं सांगायचं आणि नालीवर यायचं, असा बेत होता. पण पाठवणी म्हणताच मला पल्लवी गाडीत बसताना दिसली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रुमाल काढायला थांबलो.

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या हातातला माईक घेतला, दुसऱ्या कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मी घाईघाईनं खिशातला अर्ज काढून पार्षदांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि न वाचता मागे उभ्या असलेल्या माणसाकडे दिला. मी अर्ज देत असतानाच फोटो निघाला होता.

घरी सुमन फाटकाशी वाट बघत उभी होती, फुटक्या फरशीच्या पलीकडे.

"बोलले का?"

"बोललो."

"अर्ज देला?"

"पार्षदाच्या हातातच देला. कपायाले लावला त्यानं."

"अन् हा हार?"

"लोकायले आवडलं माहं बोलनं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सुमनचा चेहरा उजळला आणि रात्री तिनं मला दोनदा भाजी वाढली.

सकाळी आमच्या घरी येणारा पेपर उघडला. तिसऱ्या पानावर मी, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. वर मथळा: 'वार्ड के विकास से भावुक हुए वरिष्ठ नागरिक'. खाली बारीक अक्षरात: 'पार्षद को अभिनंदन पत्र सौंपते हुए.' अभिनंदन पत्र म्हणजे सुमनचा अर्ज. खालच्या बाजूला साहूबाईंच्या अंगठ्याचा ठसाही दिसत होता.

सुमननं पेपर वाचला, घडी घातली आणि आत गेली.

मी बातमी पचवतो आहे तोवर साहूजी त्यांच्या घरचा पेपर घेऊन आले. तो पेपर पार्षदांच्या विरोधातला. मला वाटलं, चला, इथे तरी खरं छापलं असेल. फोटो तोच होता. मथळा मात्र 'पार्षद के करीबी ने पढ़े कसीदे, जनता में आक्रोश'. म्हणजे पार्षदांच्या जवळच्या माणसानं गोडवे गायले आणि लोक खवळले.

"कब से करीबी हो गए महाराज?" साहूजींनी विचारलं. "हमन तो नाली बर दस्तखत करे रहेन." (आम्ही तर नालीसाठी सह्या केल्या होत्या, असं ते छत्तीसगढीत म्हणाले.)

दुपारी पल्लवीचा रायपूरहून फोन. "बाबा, मेरे ऑफिस में सब दिखा रहे हैं. तुमी पार्टी कधी जॉइन केली?"

खरं सांगतो, मला लाज वाटलीच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. दोन्ही पेपर खाटेवर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला आणि मिलमध्ये रूळ तपासावा तसे ओळ न् ओळ तपासले. फोटो एक, माणूस एक, अश्रूही तेच. मग एका पेपरात विकास आणि दुसऱ्यात आक्रोश आला कुठून? नाली तर दोन्हीकडे नव्हती. शेवटी राहवेना, म्हणून आमच्या पेपरच्या ऑफिसात गेलो.

तिथल्या पत्रकारानं मला लगेच ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"अंकल जी, इसमें गलत क्या है? आपने तारीफ नहीं की?"

"केली. म्हणजे, की. लेकिन उसके बाद मैं नाली का बोलने वाला था."

"आपने जो बोला, वो हमने छापा. जो आप बोलने वाले थे, वो कैसे छापें?"

मी चहाचा घोट घेतला. "और वो दूसरे पेपर ने उलटा क्यों छापा?"

"वो लोग पार्षद जी के खिलाफ हैं. उनको तो खिलाफ ही छापना है."

"और आप?"

"हम निष्पक्ष हैं," तो म्हणाला. त्याच्या डोक्यामागे पार्षदांचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं.

माणूस भला होता. त्यानं माझा खुलासा छापायचं कबूल केलं आणि छापलाही, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली. दोनच ओळी: 'वरिष्ठ नागरिक ने बताया कि सभा में वे पार्षद जी के बारे में और भी बहुत कुछ कहना चाहते थे, किंतु भावुकतावश कह नहीं सके.'

तो खुलासा वाचून सुमनचं मौन सुटलं.

"आता काई बोलू नका," ती म्हणाली. "कोनाजवळच बोलू नका. पुढच्या सभेले मी जातो."

पुढच्या महिन्यात ती गेली. साहूजींच्या स्कूटरवर मागे बसून, गुडघ्याला पट्टा बांधून. मला मागच्या रांगेत बसायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. तिनं माईक हातात घेतला. मला धडकी भरली, कारण तिला ना आमचा फोरमन भेटला होता, ना जीएम.

"मेरे घर के सामने नाली की फरशी टूटी है," ती म्हणाली. "मैं उसमें गिर गई. ये घुटना देखो. बारा घरों ने लिखके दिया, वो कागज आपने माथे को लगाया, पढ़ा नहीं. फरशी कब लगाओगे?"

आणि ती माईक घेऊन तशीच उभी राहिली. माईक घ्यायला माणूस पुढे आला, तर तिनं त्याला दिला नाही. सगळी सभा पार्षदांकडे बघू लागली. पार्षदांनी घड्याळाकडे बघितलं खरं, पण तारीख सांगण्यासाठी.

पाचव्या दिवशी नवी फरशी बसली. मी त्या फरशीवर उभा राहून बघितलं, दोनदा उडी मारून बघितलं. इतका आनंद मला थंड पाण्याच्या मशीनचाही झाला नव्हता.

सहाव्या दिवशी पेपरात बातमी आली: 'पार्षद की पहल पर ढंकी नाली, वार्डवासी गदगद'. पुढाकार पार्षदांचा, सुमनचं नाव कुठेच नव्हतं. फोटो होता माझा. तोच, हारवाला, डोळ्यांत पाणी असलेला.

पेपर घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. घाबरतच दाखवला. तिनं बघितला, हसली, आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. तिची मनापासून माफी मागावी असं वाटलं. पहिला घास घेतला आणि कुठून तरी सुरुवात करायची म्हणून म्हणालो, "पोहे मऊ झाले. शेंगदाने भरपूर हायेत. अन् लिंबू तर एकदम बरोबर..."

सुमननं हातातला झारा खाली ठेवला.

"तीन झाले," ती म्हणाली. "आता चौथं सांगा."

"चौथं काईच नाई," मी म्हणालो.

पोह्यांत मीठ नव्हतं. तेच मी बोलणार होतो.