चार्जिंगची बारीक तार

साखरपुडा झाला आणि मी कामातून गेलो. शेलूबाजारच्या आमच्या दुकानात कुणी फवारणी पंपाचं नोझल मागितलं की मी त्याच्या हातात पाइपाचा तुकडा द्यायचो आणि वर हसायचो. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोराले ऊन लागलं." ऊन कसलं, कामरगावची मुलगी लागली होती.

फोनवर आम्ही रोज बोलायचो, पण फोनवर बोलून माणसाचं पोट भरत नाही. आणि लग्नाआधी नवऱ्या मुलानं उगाच सासुरवाडीच्या चकरा मारल्या तर आमच्याकडे नावं ठेवतात. जायला काहीतरी कारण लागतं. मला ते कारण आमच्या जुन्या गाडीनं दिलं.

ही गाडी बाबांनी हौसेनं सेकंडहँड घेतलेली. एका सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला लावली, गाडी दोन-तीन दिवस चालली, परत टकटक. नवी बॅटरी टाकली, तीही झोपली. म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरतच नव्हती. कारंज्यात हे काम करणारे पुष्कळ आहेत, पण माझे होणारे सासरे स्वतः कामरगावात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवत होते. घरचा माणूस सोडून दुसऱ्याला गाडी दाखवली असती तर सोयरिकीत बोभाटा झाला असता. मी बॅटरी चार्ज करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं आणि गाडी दुरुस्तीला निघालो.

दुकान पुढे, घर मागे, मधल्या अंगणात कडुलिंब. त्याच्याखाली मी गाडी लावली. मामाजी, म्हणजे सासरे, फारसं बोलणारे नव्हेत. ते गाडीत बसले आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली.

"पाहा. ऑइलचा दिवा लागला. बॅटरीचा लाल दिवा काहून नाई लागला?"

"नाही लागला तर चांगलंच ना, मामाजी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मुलगी द्यावी की नाही हा विचार त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला असावा. मग समजावून सांगितलं. चावी फिरवली की तो दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. लागतच नसेल तर अल्टरनेटरला जागं करणाऱ्या बारीक तारेतून करंट जात नाही, आणि अल्टरनेटर झोपला तर बॅटरी कोण भरणार? त्यांनी बोनेट उघडलं. अल्टरनेटरच्या मागचा छोटा प्लग निसटून लोंबत होता. दाबून बसवला, दिवा लागला, गाडी सुरू केली, दिवा विझला. बॅटरीला मीटर लावलं तर काटा चौदा व्होल्टच्या आसपास गेला.

"मशीन चांगली हाय. चाला, चहा घेऊ."

चहा तिनं आणला. त्यात साखर होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मामाजी बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "याच्या आधी एक स्थळ आलं होतं. पोरगं म्हणे नोकरीले हाय. नव्हतं. म्या नारळ वापस पाठवला. मले बाकी सगळं चालते, खोटं नाई चालत." मी जोरजोरात मान हलवली. मला कुठे खोटं बोलायचं होतं?

पुढच्याच आठवड्यात गाडी परत बंद. मी इतका खूश झालो की बाबांनी डॉक्टरचं नाव काढलं. परत शर्ट, परत अत्तर, परत कामरगाव. प्लग पुन्हा निसटलेला. मामाजींनी क्लिप नवी टाकली. त्यानंतरच्या खेपेला त्यांनी प्लगभोवती काळी टेप अशी गुंडाळली की तारेच्या मनात पळून जायचं आलं असतं तरी जमलं नसतं. रात्री फोनवर ती म्हणायची, "तुमची गाडी लय नाजूक हाय बापा. दुसऱ्या कोणाले दाखवू नका, बाबाले राग येईन." मी म्हणायचो, नाही दाखवत. किती समजूतदार मुलगी मिळाली, असं वाटून मला भरून यायचं.

चौथ्या खेपेला टेप गायब होती आणि प्लग लोंबत होता. मामाजींनी तो बोटांत फिरवून पाहिला. "जवाईबापू, टेप आपोआप नाई निंगत," एवढंच बोलले. माझे कान तापले. त्यांनी प्लग बसवला, दिवा दाखवला, मीटर दाखवलं, आणि आम्ही चहाला आत गेलो. चहा पिताना बाबांचा फोन आला, पाइपाच्या मालाबद्दल काहीतरी. आत नीट ऐकू येईना म्हणून मी अंगणात जाऊन बोललो आणि परत आलो. मग आणखी गप्पा, आणखी चहा.

निघताना मामाजी गाडीपर्यंत आले. मी आता शिकलेलो होतो, आधी नुसती चावी फिरवली. ऑइलचा दिवा लागला. लाल दिवा लागला नाही.

मी उडी मारून उतरलो आणि त्यांच्या आधी बोनेट उघडलं. प्लग लोंबत होता आणि त्याच्यावर कणीक होती. ओली, ताजी, बोटांचे ठसे असलेली. मी मान वर केली. स्वयंपाकघराचं अंगणाकडचं दार अर्धं उघडं होतं आणि ती दारात उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून.

म्हणजे पहिली खेप सोडली तर प्रत्येक वेळी! मी इकडे चहा ढोसत होतो आणि ही तिकडे तार काढत होती, मी परत यावं म्हणून. इलेक्ट्रिशियनची मुलगी, कुठली तार काढली की गाडी दोन-तीन दिवसांनीच बंद पडते हे तिला पक्कं ठाऊक. मला इतका आनंद झाला की तिथंच बोनेटवर चढून नाचावंसं वाटलं.

पण मामाजी मागे येऊन उभे होते. "फोन घ्याले बाहेर तुमीच आले होते. खरं सांगा जवाईबापू, तार तुमीच काढता काय?"

खरं सांगितलं तर तिला अख्ख्या गल्लीसमोर बोलणी बसणार. खोटं बोललो तर नारळ परत. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती.

"हो मामाजी. मीच."

मामाजी वाकले. प्लगवरची कणीक त्यांनी नखानं खरवडली, बोटांत तिची गोळी केली आणि माझ्यासमोर धरली.

"तुमी कणिक मळता काय?"

एक खोटं तोंडातून गेलंच होतं, दुसरं त्याच्या मागोमाग निघालं. "हो. मळतो."

"फोनवर बोलता बोलता?"

स्वयंपाकघराच्या दारातून फुस्स करून हसू फुटल्याचा आवाज आला. मामाजींनी प्लग दाबून बसवला, हात फडक्याला पुसले.

"तुमाले खोटं बोलाचं काहीच जमत नाई. बरं हाय." मग दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आयकलं काय वं? जवाईबापू कणिक मळतात म्हणे. शब्द देला हाय त्याईनं."

लग्न झाल्यापासून आमच्या घरी कणीक मी मळतो. सुरुवातीला ती दगडासारखी व्हायची, आता बरी होते. मामाजी आले की स्वयंपाकघरात डोकावतात, गोळ्यात बोट रुतवून पाहतात आणि म्हणतात, "पाणी जास्त झालं." गाडीला मात्र तेव्हापासून काही झालं नाही.

गेल्या दिवाळीत ती माहेरी गेली. आठ दिवस राहणार होती, मला दोनच दिवसांत करमेनासं झालं. संध्याकाळी पोळ्यांची तयारी अर्धी टाकून मी अंगणात गेलो, बोनेट उघडलं, बंद केलं आणि कामरगावला फोन लावला.

"मामाजी, गाडीचा लाल दिवा लागत नाही. उद्या येऊ का?"



"या," मामाजी म्हणाले. "पण पयले तारेले लागलेली कणिक पुसा."