एक्केचाळीस अडतीस

आमच्या कारखान्यात जनावरांच्या कानात अडकवायचे प्लास्टिकचे बिल्ले बनतात. मालक धाकटा भाऊ, आकडे उमटवणारी थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणतात आणि तिच्या तोंडाला टरकून असतात. मी पॅकिंगला, म्हणजे तिच्या तोंडाचा पट्टा पहिल्यांदा माझ्यावरच सुटतो. तरी सांगते, त्या दिवशी ती चिडली ते योग्यच होतं. मीही चिडले होते.

तीन वर्षांपूर्वी ताई नको नको म्हणत असताना भावाने स्वस्तातलं लेझर मशीन आणलं. वर्षभरात एका बाईची धडधाकट गाय डॉक्टरांनी सुई देऊन मारली. रक्तात रोग निघाला होता ४१३३ ला. मेली ४१३८. बिल्ल्यावरच्या इंग्रजी 8 ची डावी बाजू घासून त्याचा 3 झाला होता. माफी मागायला भाऊ गेला नाही, ताईला धाडलं. बाईने शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. बिल्ला ताईच्या हातावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

आता ते मशीन बंद पडलं, तर भावाने पुन्हा स्वस्तवालाच बोलावला. विक्रेत्याने स्वतःच्या खिशातला बिल्ला मशीनखाली धरला. आकडे काळेकुट्ट. ताईने आमचा पिवळा बिल्ला पुढे सरकवला. प्लास्टिक नुसतं वितळलं. पिवळ्यावर पिवळे आकडे.

"यात शाई भरायची," तो म्हणाला.

ताईने शाई भरून वाळवली, बिल्ला चिखलात बुडवला आणि तारेच्या ब्रशने घासला. शाई गेली.

"गाय काय ब्रशने कान घासते?" विक्रेता हसला.

"गव्हाणीला घासते. रोज."

"ताई, सगळे हेच घेतात," भाऊ वैतागला. "उगाच राईचा पर्वत करू नकोस."

ताईने खण उघडला, जुना बिल्ला काढून विक्रेत्यापुढे धरला. "वाच."

"एक्केचाळीस तेहतीस," तो झटकन म्हणाला.

भावाने बिल्ला ओढून घेतला. खिडकीशी नेऊन तिरपा केला, अंगठ्याने चाचपला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो त्याने हातात घेतला होता.

"मशीन घेऊन जा," तो विक्रेत्याला म्हणाला. "आमच्याच बिल्ल्यावर काळा, न जाणारा आकडा उमटवणारं असेल तर या."

विक्रेता गेला. मला वाटलं, आता ताई निवळेल. तिने खण धाडकन लावला.

"बिल्ला घे आणि त्या बाईकडे जा," ती म्हणाली. "मागे मी गेले, ते जाणं तुझं होतं."