वॉरंटीचे शेवटचे पाच दिवस

आमच्या घरात आजवर कुठल्याही वस्तूची वॉरंटी संपायच्या आत कुणालाही तिची आठवण झालेली नव्हती. मिक्सर, गिझर, इस्त्री, सगळ्यांनी वॉरंटी संपल्यावर बरोबर दुसऱ्या आठवड्यात मान टाकली आणि मगच आम्ही कागद शोधायला लागलो. त्यामुळे गेल्या महिन्यात आधार कार्ड शोधता शोधता माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, हाताला गाडीची फाईल लागली आणि ती ओरडली, "अहो, पाच दिवस राहिलेत अजून!" तेव्हा घरात लॉटरी लागल्यासारखं वातावरण झालं.

गाडी जुनीच. म्हणजे आम्हाला नवी, गाडीला आम्ही दुसरे. विकणाऱ्या कंपनीनं वर्षाची वॉरंटी दिली होती, पण एका अटीवर. वर्षाच्या आत त्यांच्याच हायवेवरच्या वर्कशॉपात सर्व्हिसिंग करायचं आणि मधे बाहेरच्या कुणाचा हात गाडीला लागू द्यायचा नाही. लागला की वॉरंटी रद्द!

"शनिवारी दुपारी तीनची वेळ घेतली मी फोनवर," वैशाली म्हणाली. "दुसरा शनिवार, शाळेला सुट्टीच आहे तुमच्या."

"गाडी इस्माईलकडं न्यायची," माझे वडील, आबा, पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

इथं थोडं मागं जावं लागेल. आबा साखर कारखान्यात फिटर होते. आम्ही वारणानगरला कामगारांच्या वसाहतीत राहायचो आणि शेजारी कोडोलीत इस्माईलचाचांचं गॅरेज होतं. आबांच्या निळ्या स्कूटरला चाचांशिवाय कुणी पाना लावलेला मला आठवत नाही. त्या स्कूटरवर आम्ही चौघं बसायचो. मी पुढं उभा, मग आबा, मग बहीण, आणि शेवटी आई, अर्धी सीटवर आणि अर्धी हवेत. जोतिबाच्या चढाला लागलो की स्कूटर दमायची. मग आई उतरून चालायला लागायची आणि (हे खोटं नाही, आबांनीच कबूल केलंय) आमच्या आधी वर पोहोचायची! आम्ही फटफटत जाईतोवर ती पायरीवर बसून पदरानं वारा घेत असायची. "आलासा?" एवढंच विचारायची.

पुढं आई गेली, आम्ही कोल्हापुरात फ्लॅट घेतला आणि स्कूटर जिन्याखाली गंजत पडली. सहा वर्षांपूर्वी आबा म्हणाले, "ती इस्माईलला दिऊन ये. त्यो नीट ठेवंल." मी व्हय म्हणालो. पण स्कूटर चालू होईना, टेम्पो ठरवायचा मला कंटाळा, आणि तेवढ्यात गल्लीत भंगारवाला आला. पुढचं काय सांगू? संध्याकाळी आबांना सांगितलं, "पोचवली. चाचा फार खूश झाले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या." (डोळ्यांतलं पाणी मी माझ्या पदरचं घातलं. नुसती बातमी अळणी वाटत होती.)

तेव्हापासून आबांना कोडोलीपासून लांब ठेवणं हा माझा जोडधंदा झाला होता. कधी पूर, कधी लग्नसराई, कधी टायर. फोनची मला भीती नव्हती. आबांना इंजिनाच्या पोटातलं दुखणं लांबून ऐकू येतं, माणसाचं फोनवरचं बोलणं मात्र अजिबात येत नाही. चाचांचेही कान तसलेच. आबा फोनवर ओरडायचे, "स्कूटर कशी हाय?" पलीकडून उत्तर यायचं, "जेवाण झालं!" दोघंही समाधानानं फोन ठेवायचे.

त्यामुळे त्या दिवशी मी वैशालीच्या मताशी लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या जोरात सहमत झालो, की तिलाच संशय आला.

"कंपनीतच न्यायची!" मी टेबलावर हात आपटला. "अट म्हणजे अट!"

"तुम्हाला काय झालं?" ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली.

"आरं, पर त्या आवाजाचं काय?" आबा म्हणाले. "वळणाला मागनं गड् गड् गड् खुट् हुतंय. कंपनीवाली पोरं नुसता कंप्युटर लावत्यात. कान कोण लावतंय?"

आवाज खरंच होता. मला तो कळत नव्हता, हे वेगळं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. चार स्ट्रोकचं इंजिन फळ्यावर असं काढतो की तपासायला आलेले साहेबसुद्धा फोटो काढून घेतात. पण खऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला मला पेट्रोल पंपावरचा माणूस लागतो.

शनिवारी सकाळी मी खाली उतरलो तर आबा गाडीत! डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी, आणि पट्टा लावून बसलेले. एरवी पट्टा लावा म्हटलं की त्यांचा जीव घुसमटतो.

"आबा, सर्व्हिसिंग तीनला आहे."

"तवर कोडोली करून येऊ. नुसतं कान लावू दे त्येला."

"चाचा नसतील घरी!"

"फोन केलता सकाळी. 'जेवाण झालं' म्हणाला. म्हंजे घरात हाय."

वैशाली फाईल घेऊन खाली आली. "जाऊया की. मी येते. पण आबा, बॉनेटला हात लावू द्यायचा नाही हं त्यांना."

वाठार फाट्यापर्यंत मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. उसाच्या दोन ट्रॅक्टरांनी आम्हाला मागं टाकलं, आणि त्यातल्या एकानं जाताना आस्थेनं विचारलं, "काय पावणं, बंद पडलीया व्हय?" आबा मात्र रंगात आले होते. इथं टायर फुटलेला, इथं तुझी आई रुसून उतरलेली, इथं तू पुढं उभ्याउभ्या झोपलास आणि हॉर्नवर डोकं टेकलंस, ते गाव येईस्तोवर हॉर्न वाजतच राहिला. मी हं हं म्हणत होतो आणि देवाकडे पंक्चर मागत होतो. देवानं दिलं नाही.

गॅरेज तसंच होतं. पत्र्याची शेड, लिंबाचं झाड, ऑइलनं काळी झालेली जमीन. इस्माईलचाचा बनियनला हात पुसत बाहेर आले. दाढी पूर्ण पांढरी झालेली.

"या फिटर! किती वर्सांनी!"

दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. मग ज्याची मला भीती होती, तेच आबांनी विचारलं.

"म्हातारी कुठं हाय आमची?"

"आत हाय. भाकरी करती."

"आरं तुझी न्हवं, आमची! स्कूटर!"

मी आबांच्या पाठीमागं उभा राहून चाचांना हात जोडले. मग कान धरले. मग पुन्हा हात जोडले. चाचांनी हे सगळं शांतपणे बघितलं.

"हाय की," ते म्हणाले. "मागं हाय."

देवमाणूस! माझ्यासाठी खोटं बोलला! मला इतकं भरून आलं की आबा "दाव की मग" म्हणाले तेही क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा दोघं शेडच्या मागं पोहोचले होते. मी धावत गेलो. चाचांनी ताडपत्री ओढली.

निळी स्कूटर. तोच नंबर. आरशाला बहिणीनं लावलेल्या टिकलीचा डागसुद्धा तोच.

"ही इथं कशी आली?" मी ओरडलो.

सगळे माझ्याकडे वळले. बाकी कुणी काही विचारलंच नव्हतं.

"कशी म्हंजे?" आबा म्हणाले. "तूच पोचवलीस न्हवं?"

वैशालीनं फाईल छातीशी धरली आणि "अस्सं" म्हणाली. या शब्दाला मी कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त भितो.

चाचा खाली बघत म्हणाले, "भंगारवाल्यानं आणलीती, पार्ट पायजेत का म्हणून. टेम्पोत उलटी पडलीती. नंबर बघितला आन् काळजात चर्र झालं, म्हटलं फिटर गेला का काय! फोन केला तर फिटर स्वतःच 'बरं हाय' म्हणाला. मग गप बसलो. घरात काय अडचन असंल, इचारून कशाला लाजवायचं."

मला त्या वेळी त्या ताडपत्रीखाली जाऊन झोपावंसं वाटलं. सहा वर्षं तो माणूस आमची अडचण समजून गप्प होता, आणि अडचण कुठली? टेम्पो बघायचा कंटाळा!

आबा पुढं झाले. सीटवरून हात फिरवत राहिले. मागच्या बाजूला, आई बसायची तिथं, हात जरा जास्त वेळ थांबला.

"मला सांगायचं हुतंस," शेवटी ते म्हणाले. "मी ढकलत आणली असती." मग माझ्याकडे वळून, "आन् ह्याच्या डोळ्यांत पानी आलं म्हणालास, त्ये?"

"त्ये आलतं की!" चाचा म्हणाले. "टेम्पोतनं उतरताना माझ्याच पायावर पडली ही!"

आधी आबा हसले. मग चाचा. मग दोघं लिंबाला टेकून इतके हसले की आतून चाची भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. चाचांनी स्कूटर कधीच दुरुस्त करून ठेवली होती; तिसऱ्या किकला सुरू झाली. चाचा पुढं, आबा मागं, आणि दोघं म्हातारे वसाहतीच्या दिशेनं धुरळा उडवत गेले ते दीड तासानं परतले. आमचं जुनं घर बघून आले म्हणे. तिथं आता जास्वंद लावलीय कुणीतरी.

"आता गाडी बघ," आबा म्हणाले.

वैशालीनं नम्रपणे फाईल पुढं केली. चाचांनी चष्मा लावून अट वाचली आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"बरोबर हाय सूनबाई. शब्द त्येंनी दिलाय, काम त्येंच्याकडनंच करून घ्या. मी नुसतं ऐकतो. बाळू, एक वळसा मार."

मी झाडाला वळसा घातला. गड् गड् गड् खुट्.

"डिकी उघडा सूनबाई, तुमच्या हातानं. स्टेपनीखाली बघा."

स्टेपनीखाली एक लोखंडी गोळा होता. शाळेच्या प्रयोगशाळेतला. तो हरवला म्हणून मी प्रयोगशाळेच्या शिपायाला महिनाभर टोचून बोललो होतो.

"हे कशाला असतंय?" चाचांनी विचारलं.

"जडत्वाचा नियम शिकवायला," मी म्हणालो. "गाडी वळली तरी वस्तू सरळच... म्हणजे..."

"कळलं की आमाला," चाचा म्हणाले.

तीनला आम्ही हायवेवरच्या वर्कशॉपात हजर होतो. थंड खोलीत बसलो, कॉफी प्यालो, कंप्युटर लावला गेला. "गाडीला काही झालेलं नाही," असं सांगून त्यांनी ऑइल बदललं, कागदावर शिक्का मारला आणि आमची वॉरंटी शाबूत राहिली. परतीला आबा मागच्या सीटवर गाढ झोपले. वैशाली पुढं बसून फाईलमधला शिक्का निवांत बघत होती. मला वाटलं, मिटलं.

पंचगंगेच्या पुलावर ती म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं, कॉलेजात असताना भर पुरात ही नदी पार केली म्हणून."

"हो, केली होती."

"पोहून?"

मी नदीकडे बघितलं. आरशात बघितलं. गिअर उगाच बदलला.

"एसटीनं," मी म्हणालो. "पण खिडकीशी बसलो होतो."