साडूंवरचा खटला

चष्म्याच्या दुकानामागे डोळे तपासायची एक लांबट, अरुंद खोली होती. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची, आणि मधे काहीच नाही, कारण नजर तपासायला तेवढं अंतर लागतं. रविवारी दुपारी दुकान बंद असलं की चष्मेवाला त्या मोकळ्या जागेत घडीचं टेबल मांडायचा. आठवडाभर गिऱ्हाइकांना ‘आता नीट दिसतंय, की मघाशी?’ यापलीकडे फारसं न विचारणारा हा माणूस मग तीन तास अखंड बोलायचा.

खेळ साधा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचे गुणदोष लिहिलेला कागद समोर ठेवायचा. चष्मेवाला प्रसंग सांगणार, ज्याने त्याने आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. मिठागरांचं एक अख्खं बेट त्याने सहा वर्षं खपून रचलं होतं. पोरखेळ म्हणून नाक मुरडायचं असेल त्याने खुशाल मुरडावं. पण त्या टेबलाशी बसणाऱ्या माणसांचं दुसरीकडे कुठे कोणी इतकं ऐकून घेत नव्हतं, हेही खरं.

बसणारी माणसं तीन. चष्मेवाल्याची थोरली बहीण, जी नर्स होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई. आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र, प्लंबर. प्लंबरचं बोलणं सावकाश. वाक्य सुरू करायचा, छताकडे बघत थांबायचा, मग पुरं करायचा. घरी आणि कामावर त्याची वाक्यं कायम दुसरेच पुरी करत. इथे मात्र सगळे थांबायचे. त्याचं पात्र म्हणजे एक म्हातारा नावाडी, आणि नावाडी बोलला की बेटावर काहीतरी घडायचंच.

अशा सुखाच्या संसारात वर्षापूर्वी साडू आले.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोटार चालवायला शिकवत. त्या गाडीत शिकणाऱ्याच्या हातात चाक असतं, पण एक ब्रेक शिकवणाऱ्याच्याही पायाखाली असतो. साडू खेळायला तो ब्रेक घेऊनच आले. रविवारी ते घरी बसून आक्काचं डोकं खातात, त्यांनाही घ्या, असं बायको म्हणाली आणि याने मान डोलावली. मान डोलावणं हा त्याचा जन्मजात आजार होता. भीड भिकेची बहीण म्हणतात. याच्या घरी ती सख्खी नांदत होती.

पहिल्याच महिन्यात साडूंच्या पात्राने सोबत्यांच्या पिशव्या चोरल्या. गणिताच्या बाई ज्या व्यापाऱ्याशी तासभर बोलणी करत होत्या, त्याला साडूंनी मधेच भोसकलं. नर्सने जखमी लोक ज्या धर्मशाळेत ठेवले होते, ती पेटवून दिली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मी काय करू? माझं पात्रच तसं आहे.” प्लंबर छताकडे बघायला लागला की साडू त्याचं वाक्य पुरं करून टाकत, आणि तेही चुकीचं.

बाईंनी दारातच चपला घालता घालता सांगितलं, की तुम्ही त्यांच्याशी बोला. बोलतो म्हणाला. बहिणीने फोन करून तेच सांगितलं. तिलाही बोलतो म्हणाला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ते थोरले आहेत, आक्का मला जन्मभर ऐकवेल, तुमच्या खेळापायी घरात वाकडं नको. झालं. थोरल्या साडूंना ‘भाऊ, तुम्ही गप्प बसा’ म्हणायची छाती त्याच्यात नव्हतीच, आता परवानगीही नव्हती.

मग त्याला युक्ती सुचली. तोंडाने बोलता येत नसेल तर गोष्टीतून बोलायचं. लेकी बोले, सुने लागे. गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरवर वही उघडून साडूंच्या पात्रासाठी शिक्षा लिहू लागला. बेटाच्या राजाने त्यांना तुरुंगात टाकलं. साडू खूश. तीन रविवार तुरुंग फोडण्यात गेले आणि बाकीचे बाहेर पहारा देत बसले. मग एका वैद्याने शाप देऊन त्यांची वाचा काढून घेतली. साडू उठून उभे राहिले आणि दोन तास हातवारे करत राहिले. पहिल्या दिवशी बाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या रविवारी कोणी हसलं नाही. तिसऱ्या रविवारी बाईंचे पेपर तपासायचे राहिले होते, आणि ते पुढे कायमचेच राहिले. नर्सने आपणहून रविवारची ड्यूटी मागून घेतली. रविवारी सुटी मिळावी म्हणून जी इतरांशी भांडायची, तिने.

एका सकाळी प्लंबर दुकानातला नळ दुरुस्त करायला आला होता. वॉशर बदलता बदलता, पाठमोराच, तो म्हणाला, “ते माझं वाक्य तोडतात ना... तेव्हा मला घरी बसल्यासारखं वाटतं. मग इथे कशाला यायचं?” एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. चष्मेवाल्याला गलबलून आलं. तो म्हणाला, बघच तू, आता कायमचा बंदोबस्त करतो.

बंदोबस्त म्हणजे खटला. महिनाभर खपून त्याने तो लिहिला. ज्यांचं ज्यांचं साडूंच्या पात्राने वाटोळं केलं, ते सगळे बेटाच्या न्यायालयात साक्षीला येणार होते. व्यापाऱ्याची विधवा बाईंचे शब्द बोलणार होती, धर्मशाळेतली सुईण बहिणीचे. त्या रविवारी टेबलाशी साडू आणि प्लंबर असे दोघेच होते. चष्मेवाल्याने एकेक साक्षीदार उभा केला, आवाज बदलून, हात जोडून, रडून. शेवटी एक मिठागरवाला पुढे आला आणि म्हणाला, “हा माणूस माझं वाक्य तोडतो तेव्हा मला घरी बसल्यासारखं वाटतं.”

साडू मधे न पडता, हातवारेही न करता ऐकत होते. वर्षात पहिल्यांदा. त्यांचे डोळे भरून आलेले बघून चष्मेवाल्याला वाटलं, लागलं, अखेर बाण लागला.

“माझ्यासाठी इतकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं रे,” साडू म्हणाले आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले. “पण माझं पात्र काही सुधारायचं नाही हं. तो पळून जातो. टाक फासा.”

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. साडू गेल्यावर चष्मेवाला हसून काहीतरी बोलणार होता, पण प्लंबर आपल्या नावाड्याचा कागद चौपदरी घडी घालून खिशात ठेवत होता.

“ते मी तुला सांगितलं होतं,” प्लंबर म्हणाला. मग छताकडे बघत बराच वेळ थांबला. “तू त्याची गोष्ट केलीस. त्यांनाच ऐकवायला.”

चष्मेवाला म्हणाला, अरे, मी तुझ्याच बाजूने बोलत होतो. प्लंबरने मान हलवली आणि तो गेला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते.

पुढच्या रविवारी साडू वेळेआधी पाच मिनिटं हजर. येताना बिस्किटांचा पुडा आणला होता. दोघांनी अर्धा तास वाट बघितली. अखेर चष्मेवाल्याच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, वर्षभर उशिरा, आणि ऐकणारं दुसरं कोणी नसताना.

“भाऊ, तुमच्यामुळे सगळे गेले.”

साडूंनी पुडा फोडता फोडता वर पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. खरोखरच नवल वाटलं होतं.

“माझ्यामुळे? मी वात्रट आहे, मान्य. पण सहा महिने गोष्ट सगळी माझ्याचभोवती फिरतेय. तुरुंग माझा, शाप माझा, खटला माझा. मी मागितलं होतं का? मला वाटलं, माझं पात्र तुला आवडतंय. गप्प बसा म्हणाला असतास तर बसलो असतो की.”

बसले असते की नसते, देव जाणे. चष्मेवाल्याला मात्र ते पटेना. असं कसं, प्लंबरलाही मी भरपूर वाव दिला होता, हे दाखवायला त्याने वही ओढली. प्रत्येक रविवारी कोण काय बोललं ते तो टिपून ठेवायचा. खटल्याच्या पानांवर नावाडी नव्हता. त्याआधीच्या रविवारी नव्हता. शापाच्या पानांवर नव्हता. तो पानं मागे उलटत राहिला आणि साडू बिस्कीट खात थांबले. नावाड्याचं शेवटचं वाक्य सापडलं ते पार तुरुंगाच्या दुसऱ्या रविवारी. त्याच्याच अक्षरात, त्यानेच टिपलेलं.

‘नावाडी : मी थांबतो. आधी त्यांचं होऊ द्या.’