पिन गुरुजींचा, खातं मोनालीचं

निळ्या स्क्रीनवर एकच मागणी होती. रिकव्हरी की टाका.

"मॅडम, माझा पिन तर बरोबर हाये," ठाकरे गुरुजी म्हणाले. "मग हा काहून मागून राहिला?"

रामदासपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुजी सावनेरचे, शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळला होता, तो मी बदलला. आता डिस्क उघडेना. ऑनलाइन खात्यावरून सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. आत मोठा बदल झाला की ती लांबलचक आकडी किल्ली मागते. ही किल्ली, म्हणजेच रिकव्हरी की, त्या ऑनलाइन खात्यात जमा असते.

"खातं कोणाचं?" मी विचारलं.

"माझंच. रोज मीच उघडतो."

"पिन तुमचा. खातं कोणाचं ते विचारते."

स्क्रीनवर ईमेलचं पहिलं अक्षर दिसत होतं, पुढे फुल्या. एम.

गुरुजींनी चष्मा सारून ते अक्षर वाचलं. मग म्हणाले, "मोनाली. माझी पोरगी. तिनंच सुरू करून देल्ला होता." मोनालीने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि पुण्याला गेली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नव्हतं.

"फॉर्मॅट करून टाका," गुरुजी म्हणाले.

"सगळं पुसलं जाईल. आत काय आहे?"

"शब्द."

गावोगाव फिरून जमवलेले वऱ्हाडी शब्द, अर्थासकट. शब्दकोश पूर्ण होत आला होता. दुसरी प्रत नव्हती. ज्यांच्या तोंडून ते शब्द घेतले, त्यातली बरीच माणसंही आता नव्हती.

गुरुजींनी खिशातून आपला फोन काढला, मोनालीचं नाव शोधून माझ्यापुढे धरला. शेवटी म्हणाले, "तुमीच लावा फोन."

दुकानातून बोलतेय म्हटल्यावर मोनालीने आधी विचारलं, "बाबा बरे आहेत न?" मी अडचण सांगितली. तिने खातं उघडलं, किल्ली सापडली.

"मेसेज करता का?"

"नाही. बाबांना द्या फोन. त्यांनाच सांगते."

ती सहा-सहा आकडे सांगायची, गुरुजी मोठ्याने म्हणायचे, मी टाइप करायची. मधला एक गट मशीनने नाकारला.

"हळू सांग न वं! सात म्हनली का आठ?"

"आठच म्हटलं, बाबा. तुम्ही ऐकून कुठं राहिले?"

"ऐकूनच तर राहिलो," गुरुजी म्हणाले. मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

लॅपटॉप उघडला. आधी शब्दकोश बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला.

"आता लोकल खातं करा. मले हे ऑनलाइनचं झेंगट नको," गुरुजी म्हणाले.

मी समजावलं. लोकल खातं फक्त याच मशीनपुरतं. बाहेर काही जात नाही, इंटरनेट लागत नाही. पण पासवर्ड विसरलात तर तो बदलून द्यायला कोणी नाही, आणि किल्लीही तुम्हीच जपायची. ऑनलाइन खात्यात किल्ली दुसऱ्या फोनवरूनही काढता येते. मात्र खातं तुमच्या नावावर, तुमच्या नंबरवर हवं.

गुरुजींनी विचार केला. "ऑनलाइनच करा. माझ्या नावानं."

"तुमचा फोन हरवला तर कोड कुठे पाठवायचा? दुसरा एक नंबर लागेल."

"पोरीचा टाका."

"नंबर सांगा."

तो त्यांना तोंडपाठ होता.

गिऱ्हाईक विचारतं, लोकल बरं की ऑनलाइन? घरी एकच मशीन असेल आणि बॅकअप नियमित घेत असाल, तर लोकल पुरतं. पण लॅपटॉप चालू आहे तोवरच एकदा बघून घ्या, खातं नक्की कोणाचं आहे. बंद पडल्यावर किल्ली त्याच माणसाकडे मागावी लागते.